खंडेनवमीला साफ केलेला लॅपटॉप

आमच्या घरात मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा एक समज आहे. तो कुणी पसरवला हे मी सांगणार नाही. पसरवणारा अजून घरातच राहतो आणि रोज सकाळी दाढी करताना मला आरशात दिसतो.

मी भूम तालुक्यातल्या ईट गावाजवळच्या एका शाळेत लिपिक आहे. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं फडकं सकाळी काढायचं आणि संध्याकाळी पुन्हा घालायचं, हे काम माझ्याकडं आलं. ते मी इतकं मनापासून केलं की पुढं त्यात पगारपत्रकं भरायचं कामही मिळालं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढायला शिकलो आणि तेवढ्यावर गावानं मला तज्ज्ञ ठरवलं. कुणी नवा मोबाइल घेतला की आमच्या ओट्यावर येतो. मी तो हातात घेतो, दोन-तीन ठिकाणी दाबतो, 'हं' म्हणतो आणि परत देतो. त्या 'हं'वर माझी वीस वर्षं निघाली.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात ते 'हं' उपयोगी पडलं नाही.

बायको अंगणवाडी सेविका आहे. अठरा वर्षं तिनं गावातल्या पोरांची वजनं केली, खिचडी शिजवली, नाकं पुसली. त्या वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागांसाठी खात्यातल्या खात्यात परीक्षा निघाली आणि तिनं अर्ज भरला. वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा ती अटीच्या पलीकडं गेलेली असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणजे ही पहिलीच आणि हीच शेवटची. दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी परीक्षा होती.

बाजारात गाईड मिळतं. आम्ही ते आणलंही. ती उघडायची आणि दोन पानांत मिटायची. "ह्यातलं मराठी माझं न्हाय," म्हणायची. मग तिनं स्वतःच्या नोट्स काढायला घेतल्या. मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती. त्याच्यावर ही रोज दुपारी, पोरं घरी गेली आणि वजनाच्या नोंदी झाल्या की, दोन बोटांनी लिहीत बसायची. जवळजवळ एक वर्ष.

त्या नोट्स मी कधीकधी डोकावून बघायचो. गाईडात असतं तसं त्यात काही नव्हतं. तीव्र कुपोषणाची लक्षणं लिहिली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'विहिरीकडच्या घरातली धाकटी, पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा.' लसीकरणाच्या तक्त्यात प्रत्येक महिन्याला गावातलं एकेक बाळ बसवलं होतं, कोणतं बाळ कोणत्या सुईला कसं रडलं यासकट. योजनांच्या अटी कुणाला मिळालं आणि कुणाचं कागदात अडकलं यावरून पाठ केलेल्या. अठरा वर्षांची अंगणवाडी तिनं त्या लॅपटॉपात मांडली होती. असं गाईड कुठल्याही दुकानात मिळणार नव्हतं.

लॅपटॉप मात्र थकला होता. चालू करून चहा ठेवायचा, चहा करून प्यायचा, कप विसळायचे, तरी ते गोल चक्कर फिरतच असायचं. ती कुरकुर करायची नाही. कुरकुर मलाच व्हायची, कारण तज्ज्ञाच्या घरचा लॅपटॉप असा चालणं बरं दिसत नव्हतं.

अष्टमीच्या सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अवजारं अंगणात काढली. आमच्याकडं खंडेनवमीला ती पाटावर मांडून पूजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, पेरणीच्या तिफणीचे फण. आधी सगळं विटकरीच्या भुकटीनं घासायचं, गोडं तेल लावायचं. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी अवजाराला सुट्टी. आबा यात कुणाचं ऐकत नाहीत. एका वर्षी बायकोनं पाटावरच्या विळीनं कोथिंबीर चिरली होती, ते आबा अजून सांगतात.

विळ्यावर भुकटी घाशीत आबा मला म्हणाले, "सूनबाईचं ते यंत्र बी ठेव औंदा पाटावर. तिचं बी अवजारच हाय ते. तिची परीक्षा हाय."

"ठेवतो की."

"पर साफ करून ठेव. मळकं अवजार पूजेला चालत न्हाय."

एवढंच. शहाण्या माणसानं ओलं फडकं घेतलं असतं. पण मी तज्ज्ञ. आबांनी 'साफ' म्हणताच माझ्या डोक्यात भलतीच साफसफाई सुरू झाली. लॅपटॉपातली सगळी यंत्रणा काढून नवी घालायची. शाळेतल्या कॉम्प्युटरला एकदा एका माणसानं केलं होतं, मी शेजारी उभं राहून बघितलं होतं, आणि ज्या पेन ड्राइव्हवरून केलं तो माझ्या टेबलाच्या कप्प्यात होता. नवमीला पाटावर बसेल तेव्हा नव्यासारखा. बायकोनं झाकण उघडलं की लगेच चालू. तिचा चेहराही मी मनात बघून ठेवला.

आणि मी आधी बॅकअप घेतला होता. हे मला इथं जरा ठळकच सांगायचंय. आंधळेपणानं काही केलं नाही. लॅपटॉप उघडल्यावर समोरच 'अभ्यास' नावाची पिवळी घडी, म्हणजे फोल्डर, दिसायची, ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उचलून टाकली. पापणी लवायच्या आत गेली. वर्षभराचा अभ्यास आणि एवढ्या पटकन, पण मला शंका आली नाही. पेन ड्राइव्ह चांगल्यातला आहे, असं वाटलं.

मग मुख्य काम. जुनं सगळं पुसू का, असं त्या लॅपटॉपनं मला वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो. लग्नाच्या वेळीसुद्धा मला इतक्यांदा विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बायको डाळ भिजवत होती. मी लॅपटॉप वायरीसकट तिच्यापुढं धरून चालू केला. एका दमात चालू झाला. निळा, रिकामा, गुळगुळीत.

"बया, लई जलद झाला की," ती म्हणाली. मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "माझं हाय न्हवं त्यात समदं?"

"पेन ड्राइव्हात हाय. सकाळी टाकतो."

सकाळी टाकायला घेतलं. 'अभ्यास' दिसली. घडीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता, तो आदल्या दिवशीही असणार, मी बघितला नव्हता. उघडायला गेलो तर लॅपटॉप म्हणाला, ही वस्तू जागेवर नाही. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुसला, पुन्हा लावला. शाळेत कागद अडकला की मी असंच करतो.

मग हळूहळू लक्षात आलं. मी वही उचललीच नव्हती. वही कुठल्या कपाटात आहे हे सांगणारी चिठ्ठी उचलली होती. समोर दिसायची ती नुसती चिठ्ठी. वही आत दुसरीकडं होती आणि ते कपाट मी तीनदा हो म्हणून धुऊन टाकलं होतं.

"आण रं ते यंत्र," आबांनी देवघराजवळून हाक मारली. "मुहूर्त टळंल."

मी झाकण मिटलं आणि नेऊन दिला. दुसरं काही सुचलंच नाही. आबांनी तो कुऱ्हाडीच्या आणि तिफणीच्या फणाच्या मधे ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. बायकोनं डोळे मिटून हात जोडले ते बराच वेळ. काय मागत असेल ते मला कळत होतं. मी शेजारी उभा राहून घंटी वाजवत होतो.

आरती झाल्यावर गोठ्यामागं जाऊन मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"पप्पा, तुम्ही शॉर्टकट कॉपी केला."

"व्हय."

"आणि फॉरमॅट मारलं."

"व्हय गं. आता काय करायचं ते सांग."

"काहीच करायचं नाही. चालू करू नका तो. एकदापण नको. तुम्ही जितक्यांदा चालू कराल तितकं जुन्यावर नवीन लिहिलं जातंय. ज्याला खरंच येतं अशा माणसाकडं न्या." 'खरंच'वर तिनं जोर दिला तो मला पुण्याहून ऐकू आला. "आणि आईला सांगा. आजच."

भूमला एकजण आहे, माझ्याच वयाचा. पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. त्याला फोन लावला. म्हटलं आत्ता घेऊन निघतो.

"आज न्हाय जमायचं, सर. माझं पेचकस, सोल्डरिंग, समदं पाटावर हाय. उद्या सकाळी पाट हलला की या. लवकर या, मुहूर्ताचं काम तुमचंच करू."

आपला पाट घरी, त्याचा पाट भूमला. जिल्हाभरची अवजारं त्या दिवशी फुलं डोक्यावर घेऊन निवांत बसलेली आणि बेजार तेवढा मी एकटा. घरातून ओट्यावर, ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून परत देवघरात. प्रत्येक खेपेला पाटाकडं बघायचो. लॅपटॉपवर झेंडू तसाच. एकदा वाटलं, आबा डुलकी घेतायत तोवर उघडून जरा बघावं, एखादं बटण असेल. दोन पावलं गेलोसुद्धा. आबा डोळे न उघडता म्हणाले, "हात लावू नगं."

स्वयंपाकघरात बायको पुरण वाटत होती. लॅपटॉप पाटावर असल्यानं त्या दिवशी वाचता येत नव्हतं, म्हणून ती तोंडानं उजळणी करत होती. पाट्यावर वरवंटा पुढं-मागं आणि त्या तालावर लसी.

"बसा हितं," ती म्हणाली. "कशाला येरझाऱ्या घालायलाव? मला इचारा काहीतरी."

"काय इचारू?"

"काय बी. कुपोषण इचारा."

मी विचारलं. ती सांगत गेली, विहिरीकडच्या घरातली धाकटी, तिचा खड्डा, तिचा दंड मोजायची पट्टी, ती कशी सुधारली. पुढं बाळाच्या वरच्या आहाराचं विचारलं. तिथं ती अडली. वरवंटा थांबला. तिनं वर बघून आठवून पाहिलं.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "उद्या फायलीत बघते."

ते मला ऐकवलं नाही. मी म्हणालो, "अगं, फाईल न्हाय."

"कुठली?"

"एक बी न्हाय."

मग मी सगळं सांगितलं. बाणासकट. मी बॅकअप घेतला होता हेही दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना ते किती हलकं वाटतंय ते माझं मलाच कळलं. तिनं शांतपणे पुरण पातेल्यात काढलं, पाट्यावर पाणी घातलं, हात धुतले आणि देवघरापुढं जाऊन बसली. आबा उठून बसले होते. त्यांना ती मामा म्हणते.

"मामा, मला ते खोलून बघायचंय."

"आज न्हाय, बाई."

"माझं वरीस हाय त्यात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मुलीनं सांगितलेलं कसंबसं सांगितलं, की चालू केलं तर उरलंसुरलंही जाईल, आज न उघडणंच बरं. पहिल्यांदाच माझं आणि आबांचं म्हणणं एक निघालं होतं आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमाला साफ करायला कुणी सांगितलं हुतं?"

आबा खाकरले. "म्या सांगितलं हुतं," ते म्हणाले. "पर म्या फडक्यानं म्हनलो हुतो."

नैवेद्य झाला, जेवणं झाली. पोळी गिळता गिळत नव्हती, तरी मी तीन खाल्ल्या. अस्वस्थपणात माझी भूक मरत नाही, हा माझा जुना दोष आहे.

दसऱ्याच्या सकाळी आबांनी नेहमीपेक्षा लवकर आंघोळ केली. पाटाला हळदकुंकू लावलं, पाट जरासा हलवला आणि सगळ्यात आधी लॅपटॉप उचलून सुनेच्या हातात दिला. दर वर्षी पहिला मान तिफणीचा असतो.

मोटारसायकलवर मागं बसून तिनं तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता, ताप आलेलं मूल दवाखान्यात नेतात तसा. रस्त्यात खड्डा आला की ती माझ्या खांद्यावर थाप मारायची. रस्ताभर तेवढंच बोलणं झालं.

दुकानाला झेंडूचं तोरण होतं. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकू बघितलं आणि हसला.

"पूजा झाली म्हणा की याची बी. बरं, नवं टाकल्यावर किती वेळा चालू केला?"

"परवा, टाकलं तेव्हा, आणि काल सकाळी एकदा. मग पाटावरच होता."

"काल दिवसभर न्हाय केला?"

"आबांनी हात लावू दिला न्हाय."

"आबांस्नी नमस्कार सांगा माझा," तो म्हणाला. "लोक काय करत्यात, गेलं म्हटलं की दिवसभर उचकत बसत्यात. ह्ये बघा ताई, रान नांगरलंय तुमच्या सरांनी. पर जुन्या पिकाची धसकटं हायत अजून आत. वरनं थोडं पेरलंय, तेवढ्या जागेतलं गेलं असंल. बाकी वेचून बघू. समदं मिळंल असं मी म्हणणार न्हाय."

त्यानं आतली डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली आणि शोध लावला. पडद्यावर एक हिरवी पट्टी, मुंगीच्या गतीनं सरकणारी. बायको स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसली आणि पट्टीवरून नजर काढली नाही. मी दुकानातून बाहेर, बाहेरून चहावाल्याकडं, चहावाल्याकडून परत. प्रत्येक वेळी पट्टीजवळ जाऊन वाकायचो.

"सर," दुरुस्तीवाला म्हणाला, "तुमी बाहेर उभं र्‍हायलाव तर ती जरा जलद चालती. बघा तुमी."

मी बाहेर उभा राहिलो. खरंच बघत होतो, जलद चालते का ते. दुपार कलायला लागली तेव्हा त्यानं हाक मारली.

फायली मिळाल्या होत्या. भरपूर. पण एकीलाही नाव नव्हतं. नुसते आकडे. मुलीच्या कॉलेजचे कागद, जुनी चित्रं, कुठकुठले भंगार तुकडेसुद्धा, सगळं एकाच ढिगात. बायकोनं पहिली उघडायला सांगितली. चौकोनच चौकोन निघाले. दुसरी, तेच. तिचा हात माझ्या मनगटावर आला, तो राग होता की आधार ते मला अजून सांगता येत नाही. तिसरी उघडली आणि पडद्यावर आलं, 'विहिरीकडच्या घरातली धाकटी'.

बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "चौथी खोला."

चौथी माझी निघाली. हे मी लपवलं असतं, पण दुरुस्तीवाल्यानं मोठ्यांदा वाचलं. 'अभ्यासाचं वेळापत्रक. पहाटे पाच ते सात सामान्यज्ञान. सात ते आठ गणित.' कधीतरी मीही वरिष्ठ लिपिकाची परीक्षा द्यायचं ठरवलं होतं. शोधात अशी माझी आणखी दोन वेळापत्रकं सापडली, प्रत्येकात पहाट थोडी उशिरा होत गेलेली. अभ्यासाची फाईल एकही नाही. ती मी पुसली नव्हती. ती कधी झालीच नव्हती.

"ही बी ठिवू का?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"ठिवा," बायको म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. ते माझ्यावरचं होतं, पण मला चाललं.

तो सगळा ढीग एका नव्या पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही परतलो आणि तिथून खरी गडबड सुरू झाली. परीक्षेला तीन आठवडे, आणि अभ्यास करायच्या आधी अभ्यास निवडायचा. रोज शाळा सुटली की मी ओट्यावर लॅपटॉप उघडायचो. एकेक आकडा उघडून पहिल्या दोन ओळी वाचायच्या, तिनं आतून ही फाईल कशाची ते सांगायचं, मी नाव द्यायचं. "ह्ये गरोदर बाईच्या नोंदी." "ह्ये लसी." "ह्ये अर्धंच हाय, पुढचं शोधा." मी दोन ओळी वाचल्या की पुढच्या दहा ती न बघता म्हणायची. काही दिवसांनी तर आबाही म्हणायला लागले. एकदा मी लसीकरण दुसऱ्यांदा उघडलं तर ते बाजेवरून म्हणाले, "नवव्या म्हयन्याचं कालच झालं की. गोवर. म्होरलं काढ."

मला तो धीर पुरत नव्हता. दिवस मोजायचो, ढीग मोजायचो, दोन्हींचा मेळ बसायचा नाही. शाळेत पगारपत्रक भरताना नावाच्या रकान्यात आकडे लिहिले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. शेवटी एका रविवारी ढीग संपला. बराचसा अभ्यास जागेवर आला होता. पाच फायली मात्र कुठंच नव्हत्या. त्यात बाळाच्या वरच्या आहाराची होती, जिथं ती पाट्याजवळ अडली होती तीच.

"लिवा," ती म्हणाली. "मी सांगते."

तिनं ज्वारी निवडत निवडत पाचही सांगितल्या. मी मराठी टाइप करतो ते विचार करत करत, त्यामुळं तिला प्रत्येक वाक्य दोनदा-तीनदा सांगावं लागलं. मधे एकदा लाइट गेली, मी फाईल सेव्ह केली नव्हती, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. आहाराची फाईल पुन्हा पहिल्यापासून. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा उचललं आणि पुन्हा सांगितलं.

आता प्रती. मुलीनं फोनवर बजावलं, तीन ठिकाणी ठेवा आणि एक तरी घराबाहेर. एक पेन ड्राइव्ह घरी. एक प्रत इंटरनेटवरून मुलीकडं, त्यासाठी पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते तिथं, मोटारघराच्या बोर्डाला लॅपटॉप लावून दोन संध्याकाळी उभा राहिलो. तिसरी येडशीला, बायकोच्या बहिणीकडं. आबांना यात नवं काही वाटलं नाही. "ज्वारीचं बी आमी दोन घरी ठिवायचो," ते म्हणाले. "एक आपल्यात, एक तुझ्या आत्याकडं. किडलं तर दोन्हीकडं येकदम किडत न्हाय." आणि मग जरा थांबून, "तू तर किडीची बी वाट बघितली न्हाईस."

प्रत्येक प्रत मी उघडून बघत होतो, कोपऱ्यात बाण नाही ना. येडशीचा पेन ड्राइव्ह पोचल्यावर मेहुणीला फोन करून म्हणालो, जरा लावून बघा, उघडतंय का. तिनं उघडून बघितलं. दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा तिच्या नवऱ्यानं उचलला आणि "उघडतंय, दाजी," एवढं बोलून ठेवला.

परीक्षा धाराशिवला होती. बायको आत गेली आणि मी फाटकाबाहेर, खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. आत नेता येणार नाही, उपयोग शून्य, तरी घेतला होता. शेजारी आणखी काही सेविकांचे नवरे होते, एकजण वर्तमानपत्र वाचत निवांत झाडाखाली बसला होता. त्याचा मला फार हेवा वाटला. त्यानं आयुष्यात काही साफ केलं नसणार.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी विचारायच्या आधी तिनं पाण्याची बाटली मागितली, निम्मी संपवली.

"वरच्या आहारावर आले हुते," ती म्हणाली. "दोन-तीन प्रश्न."

"मग?"

"मग काय? चारदा सांगायला लावलं तुमी. इसरते कशाला?" ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "दुसरं बी एक आलं हुतं. ते फायलीतून नीट मिळालं हुतं, म्हणून वरवर बघितलं. ते चुकलं."

मी आभार मानून घ्यावेत की माफी मागावी हे ठरेना, म्हणून गाडी सुरू केली.

निकालाला पुढं किती महिने लागले, आणि त्या महिन्यांत मी शाळेच्या कॉम्प्युटरवर ती यादी कितीदा शोधली, ते सांगण्यासारखं नाही. यादी आली. खालच्या बाजूला का होईना, तिचं नाव होतं. मी लगेच यादीची प्रत घेतली. मग आणखी एक.

गेल्या वर्षीच्या अष्टमीला आबांनी पुन्हा अवजारं अंगणात काढली. लॅपटॉप आता तिच्या कामाचा झाला होता, बावीस अंगणवाड्यांचे अहवाल त्यात होते. मी तिकडं वळलो तशी ती म्हणाली, "तुमी विळं घासा. ह्याला मी बघते."

मी विटकरीची भुकटी घेऊन बसलो, पण लक्ष तिकडंच. तिनं आधी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. मग पेन ड्राइव्ह काढला, पुन्हा लावला आणि आतल्या फायली एकेक करून उघडून बघायला लागली. प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यावर तिची नजर आधी जात होती. एक उघडायला जरा वेळ लागला. माझा हात विळ्यावर थांबला. ती उघडली.

मग तिनं झाकण मिटलं, ओलं फडकं पिळलं आणि लॅपटॉप वरून पुसून आबांच्या हातात दिला. आबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडं मान वळवली.

"ह्येनं न्हाय न्हवं हात लावला?"

"न्हाय, मामा," ती म्हणाली.

आबांनी तो पाटावर ठेवला.